‘इनव्हॅलिड फाइल’ येतंय? फोटो-सही अपलोड करण्याआधी फाइलची नाडी बघा

भरतीची जाहिरात निघाली की आमच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरवर पंधरा दिवस एकच तक्रार चालते, ‘दादा, फोटो घेतच नाहीये.’ पोर्टल लाल अक्षरांत ‘इनव्हॅलिड फाइल’ एवढंच म्हणतं. का, ते सांगत नाही. मग पोरं त्याच फोटोचा स्क्रीनशॉट काढतात, तो व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवतात, कुठल्यातरी फुकटच्या साइटवर कॉम्प्रेस करतात आणि शेवटच्या तारखेला रात्री साडेअकराला ‘फोटो फायनल नवीन २’ घेऊन फोन लावतात. तोवर चेहऱ्याचं पार पिठलं झालेलं असतं.

मीही बरीच वर्षं अंदाजपंचेच करायचो. पेंटमध्ये उघड, लहान कर, सेव्ह कर, बघ घेतंय का. आता आधी फाइलला विचारतो आणि मगच तिला हात लावतो. त्यासाठी दोन फुकट साधनं ठेवलीयत. एक इमेजमॅजिक, चित्रं तपासणारं आणि बदलणारं, त्यातली ‘आयडेंटिफाय’ ही कमांड. दुसरं फिल हार्वे यांचं एक्झिफटूल, फोटोच्या पोटातल्या नोंदी वाचणारं. दोन्ही कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत चालतात, दिसायला रुक्ष आहेत, पण इंटरनेट नसलं तरी चालतात. लोकांच्या सह्या आणि अंगठे अनोळखी साइटवर चढवायचे नसतील तर हा फायदा छोटा नाही.

बसवताना दोन ठिकाणी हमखास अडकायला होतं. विंडोजवर एक्झिफटूलच्या फाइलच्या नावात कंसात ‘डॅश के’ असतं. तशीच ठेवली तर फोटो ओढून तिच्या आयकॉनवर टाकता येतो आणि माहिती वाचून होईपर्यंत खिडकी उघडी राहते. कमांड देऊन वापरायची असेल तर कंसासकट तो भाग काढून टाका. अलीकडच्या आवृत्तीसोबत एक फोल्डरही येतं, ते बरोबर हलवावं लागतं. नुसती एक्झी उचलून दुसरीकडे ठेवली तर चालत नाही. इमेजमॅजिकची गंमत वेगळीच. जुन्या व्हिडिओंमध्ये ‘कन्व्हर्ट’ ही कमांड सांगतात. विंडोजची स्वतःची त्याच नावाची एक कमांड आहे आणि ती हार्ड डिस्कची रचना फॅटवरून एनटीएफएसवर नेते! त्यामुळे आवृत्ती ७ घ्या आणि प्रत्येक कमांडची सुरुवात ‘मॅजिक’ या शब्दाने करा. (कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

आता रोगाकडे.

सगळ्यात जास्त वेळा आढळतो तो तोतयेपणा. नाव एक, आत माल दुसराच. परवा एक मुलगा आला, भावाच्या आयफोनवर काढलेला फोटो घेऊन. फाइलच्या नावापुढे व्यवस्थित जेपीजी. ‘मॅजिक आयडेंटिफाय’ लिहून पुढे फाइलचं नाव दिलं, तर उत्तरात नावाच्या लगेच पुढे ‘एचईआयसी’.

‘अरे, हा जेपीजी नाहीये.’

‘आहे की दादा, मी स्वतः बदललाय.’

‘काय बदललं?’

‘नाव.’

२०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात ठेवू शकतो. नाव बदलून आतला माल बदलत नाही. मिरचीच्या डब्यावर ‘साखर’ लिहिल्यासारखं ते. आयडेंटिफाय फाइलच्या नावावर विसंबत नाही, तिचे पहिले काही बाइट वाचतं. हे साधन हाताशी नसेल तर एक गावठी युक्ती सांगतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडा, सगळा कचरा दिसेल, पण पहिल्या ओळीकडे नीट बघा. पीएनजी असेल तर दुसऱ्या अक्षरापासून पीएनजी हीच तीन अक्षरं असतात. वेबपी असेल तर सुरुवातीला ‘रिफ’ आणि किंचित पुढे ‘वेबपी’. एचईआयसी असेल तर ‘एफटीवायपी’. खऱ्या जेपीजीमध्ये सुरुवातीला बिंदूवाला वाय आणि आडवी रेघ मारलेला ओ अशी चमत्कारिक अक्षरं येतात आणि जवळपासच ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’ दिसतं. बघून झालं की नोटपॅड सेव्ह न करता बंद करा. सेव्ह केलंत तर फोटो गेला.

नाव बदलून काम होतं अशीही एक जागा आहे, म्हणूनच हा घोळ माजतो. विंडोजवर ब्राउझरमधून फोटो उतरवला की कधीकधी तो ‘जेएफआयएफ’ या शेपटीने (नावातल्या टिंबापुढची अक्षरं, एक्स्टेन्शन) उतरतो, आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबवरचा फोटो ‘जेपीईजी’ म्हणून. काही पोर्टलांना फक्त तीन अक्षरी जेपीजी चालतं. इथे आतला माल तोच आहे, त्यामुळे शेपटी बदलली की घेतं. एकदा असं घेतलं की माणसाला वाटतं, सगळीकडे हाच उपाय. म्हणून आधी आयडेंटिफाय करा. उत्तरात ‘जेपीईजी’ आलं तर खुशाल नाव बदला, दुसरं काहीही आलं तर फाइल खरोखर रूपांतरित करा. मॅजिक, जुनं नाव, जेपीजी शेपटीचं नवं नाव, एवढीच कमांड. आणि विंडोजमध्ये शेपट्या लपवून ठेवायची जी सोय आहे ती आजच बंद करा. ‘फोटो.जेपीजी.पीएनजी’ अशा नावाच्या फाइली तिच्याच कृपेने जन्माला येतात.

दुसरा रोग केबीचा. यावर जरा थांबतो, कारण इथे फसलेला माणूस आपण फसलोय हे मान्यच करत नाही. ‘कमीत कमी वीस केबी मागितलेत, वीस दिसतंय ना, मग?’ विंडोजच्या यादीत जो आकार दिसतो तो वरच्या केबीला पूर्ण केलेला असतो. १९,६०० बाइटची फाइल तिथे २० केबी दिसते. पोर्टल मोजतं बाइट, आणि २० केबी म्हणजे २०,४८०. फाइल खरोखरच लहान आहे. वरच्या टोकाला उलटा प्रकार, ५० केबी म्हणजे कुणी ५१,२०० धरतं, कुणी ५०,०००. त्यात एक्झिफटूलची नवी आवृत्ती किलो म्हणजे १००० धरते. म्हणून केबी बघायचेच नाहीत. एक्झिफटूलला ‘फाइलसाइझ’ विचारा आणि त्या शब्दाला चिकटून हॅशचं चिन्ह द्या. सरळ बाइट मिळतात. २० ते ५० केबी मागितले असतील तर मी फोटो २१,००० ते ४९,००० बाइटच्या मधे बसवतो आणि वाद मिटवतो.

मोठी फाइल लहान करायला क्वालिटी ९०, ८०, ७० असं चाचपडत बसायची गरज नाही. इमेजमॅजिकला ‘डिफाइन’ लिहून ‘जेपीईजी कोलन एक्स्टेंट’ एवढे केबी असं सांगितलं की त्या मर्यादेत बसणारी क्वालिटी ते स्वतः शोधतं.

खरा छळ उलट्या बाजूचा आहे, फाइल मोठी करण्याचा. बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या सूचनांत सही १४० गुणिले ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी अशी मागितलेली असते. जरा हिशोब करून बघू. १४० × ६० म्हणजे ८,४०० पिक्सेल. रंगीत चित्रात एका पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे अजिबात न दाबता २५,२०० बाइट. त्यातले निदान १०,२४० उरले पाहिजेत. पांढऱ्याशुभ्र कागदावर काळ्या पेनाने सही, वर मोबाइलच्या स्कॅनर अ‍ॅपने बॅकग्राउंड आणखी पांढरं केलेलं. जेपीजीचं कामच असं की सपाट भाग जवळपास फुकटात साठवायचा. ती सही ३-४ केबीत मावते, मग पोर्टल नाही म्हणणारच. आणि स्कॅन ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या काळ्या-करड्या छटांत, केला असेल तर एका पिक्सेलला एकच बाइट, न दाबताही सगळे मिळून ८,४००. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून सही अडली की मी आधी एक्झिफटूलला ‘कलर कॉम्पोनंट्स’ विचारतो. उत्तर १ आलं तर ग्रेस्केल, परत रंगीत स्कॅन. ३ आलं तर क्वालिटी १०० करायची आणि ‘सॅम्पलिंग फॅक्टर’ ४:४:४ द्यायचा, म्हणजे रंगाची माहिती अर्धवट टाकली जात नाही. तरी कमी पडलं तर कागदाचा मूळ पोत ठेवून, अ‍ॅपचं ते ‘मॅजिक कलर’ न लावता, साधा फोटो काढायचा. कागदाची खरखर बाइट खाते आणि इथे आपल्याला तेच हवंय. शेवटचा उपाय म्हणजे २८० × १२० पिक्सेल. सूचनांत १४० × ६० च्या पुढे ‘प्रिफर्ड’ असा शब्द असतो, तो कुणी वाचत नाही. प्रमाण तेच राहतं आणि बाइट भरपूर मिळतात.

आता एक केस सांगतो, तिच्यात माझा अख्खा दुपारचा वेळ गेला होता. एक ताई स्टुडिओत काढलेला फोटो पेनड्राइव्हवर घेऊन आल्या. २०० × २३० पिक्सेल, अगदी मागितला तेवढा. फाइल मात्र सहाशे केबीच्या आसपास. क्वालिटी ८० केली, फरक नाही. ३० केली, चेहऱ्यावर चौकोन पडले, फाइल साडेपाचशेच्या खाली उतरायला तयार नाही. एवढ्याशा फोटोत एवढं काय भरलंय? ‘मॅजिक आयडेंटिफाय डॅश व्हर्बोज’ केलं तेव्हा लांबलचक यादीत ‘कलरस्पेस’ समोर दिसलं ‘सीएमवायके’, आणि पार खाली प्रोफाइल्समध्ये ‘आयसीसी’, पुढे आकडा ५,५७,१६८ बाइट.

सीएमवायके म्हणजे छपाईचे चार रंग. स्टुडिओवाल्याने बहुधा प्रिंटसाठी बनवलेली फाइलच लहान करून दिली होती. छपाईच्या रंगांचा तक्ता, म्हणजे ते आयसीसी प्रोफाइल, फाइलच्या पोटात तसाच राहिला. तो तक्ता फोटोच्या मापावर अवलंबून नसतो. फोटो नखाएवढा असो की फ्लेक्सएवढा, तक्ता साडेपाचशे केबीचाच. क्वालिटी कमी केल्याने चेहरा बिघडतो, तक्त्याला ओरखडाही येत नाही. स्क्रीनसाठीचा नेहमीचा एसआरजीबी तक्ता ३,१४४ बाइटचा असतो, यावरून फरक लक्षात यावा.

इथे पुष्कळजण ‘स्ट्रिप’ हा पर्याय मारून मोकळे होतात. स्ट्रिप सगळी जास्तीची माहिती उपटून काढतं, फाइल टुणकन लहान होते. पण तक्ता काढला तरी रंग सीएमवायकेच राहतात. काही ठिकाणी असा फोटो उलट्या रंगांत दिसतो, निगेटिव्हसारखा. काही ठिकाणी उघडतच नाही. म्हणून क्रम पाळायचा. आधी एसआरजीबीच्या प्रोफाइलने रंग बदलून घ्यायचे, मग स्ट्रिप. आयफोनच्या फोटोंनाही हाच नियम. त्यांत बहुतेक वेळा ‘डिस्प्ले पी३’ नावाचा तक्ता असतो. तो न बदलता उपटला की चेहरा फिकट, आजारी दिसतो. ओळखपत्रावर आधीच माणूस बरा दिसत नाही, त्यात आणखी भर कशाला?

स्ट्रिपच्या आधी करायची आणखी एक गोष्ट आहे आणि ती विसरली की फोटो आडवा पडतो. ‘माझ्या मोबाइलवर तर सरळ दिसतोय’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. खोटं नसतं ते. मोबाइल उभा धरला तरी आतला सेन्सर बहुधा आडवंच चित्र साठवतो, आणि सोबत एक चिठ्ठी ठेवतो, ‘दाखवताना फिरवा’. तीच ‘ओरिएंटेशन’ची नोंद, १ ते ८ आकड्यांची. १ म्हणजे आहे तसं दाखवा. ६ म्हणजे उजवीकडे ९० अंश फिरवा, ३ म्हणजे उलटं आहे, ८ म्हणजे डावीकडे ९०. मोबाइल ती चिठ्ठी वाचतो. क्रोमही २०२० पासून आपणहून वाचतो, त्यामुळे अपलोडच्या प्रीव्ह्यूमध्ये सगळं झकास दिसतं. पण पलीकडे हॉलतिकीट बनवणारा प्रोग्रॅम ती वाचेलच असं नाही, आणि उमेदवार हॉलतिकिटावर आडवा झोपलेला निघतो. एक्झिफटूलला ‘ओरिएंटेशन’ विचारा, इथेही हॅश लावून, नाहीतर आकड्याऐवजी शब्द येतात. १ सोडून काहीही आलं तर इमेजमॅजिकचा ‘ऑटो ओरिएंट’ लावा, मग पिक्सेलच खरोखर फिरतात. स्ट्रिप त्यानंतर. आधी स्ट्रिप केलंत तर चिठ्ठी फाटली, मग कुणालाच कळणार नाही वर कुठे आणि खाली कुठे.

म्हणजे क्रम असा: ऑटो ओरिएंट, मग रंग, मग माप, मग स्ट्रिप. मोबाइलच्या मूळ फोटोत बरेचदा घराचे अक्षांश-रेखांशही असतात, तेही स्ट्रिपमध्ये जातात. एक्झिफटूलने एकदा सहज ‘जीपीएस’च्या नोंदी बघा, एखाद्या मुलीच्या फोटोतून तिच्या घराचं दार कळावं इतपत अचूक असतात.

मापाबद्दल एक खोच आहे. फोटो ४.५ × ३.५ सेंटिमीटरचा पासपोर्ट साइझ मागतात आणि पिक्सेल २०० × २३०. हे दोन आकार एकमेकांशी जुळत नाहीत! ३.५ ला ४.५ हे प्रमाण राखलं तर २०० पिक्सेल रुंदीला उंची २५७ यायला हवी. म्हणजे पासपोर्ट फोटो जबरदस्तीने २०० × २३० मध्ये कोंबला की उंची साडेदहा टक्के दबते आणि गाल सुटल्यासारखे दिसतात. इमेजमॅजिकमध्ये मापापुढे उद्गारचिन्ह दिलं की हीच कोंबाकोंब होते. त्याऐवजी टोपीचं चिन्ह द्या, म्हणजे चौकट भरून थोडं बाहेर उरतं. मग ‘ग्रॅव्हिटी नॉर्थ’ आणि ‘एक्स्टेंट’ने उरलेलं खालून, शर्टाच्या बाजूने कापा. केस कापले जात नाहीत.

डीपीआयवर फार वेळ घालवू नका. ती फक्त एक नोंद आहे, कागदावर किती दाट छापा एवढं सांगणारी. अंगठ्यासाठी २४० × २४० पिक्सेल आणि २०० डीपीआय मागतात. पिक्सेल बरोबर असतील तर ‘डेन्सिटी’ २०० आणि ‘युनिट्स’ पिक्सेल पर इंच लिहून टाकलं की झालं, चित्राला धक्का लागत नाही. एक गोष्ट मात्र घाबरवते. ३०० डीपीआयची पीएनजी आयडेंटिफायला दाखवली की रिझोल्यूशन ११८.११ येतं. फाइल बिघडलेली नाही, पीएनजी मेट्रिकमध्ये मोजते, ते पिक्सेल दर सेंटिमीटरचे आहेत. २.५४ ने गुणा. जेपीजीत तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन वेगळे आकडे असू शकतात, एक जेएफआयएफच्या खात्यात आणि एक एक्झिफच्या. एक्झिफटूलला ‘डॅश ए’ आणि ‘डॅश मोठा जी’ दिलं की दोन्ही खात्यांच्या नावासकट दिसतात.

फाइलचं नाव देवनागरीत ठेवायची हौस असेल तर विंडोजवर एक्झिफटूल कुरकुर करतं, ‘फाइलनेम एन्कोडिंग’ सांगितलेलं नाही म्हणून. ‘कॅरसेट फाइलनेम’ यूटीएफ ८ असं सांगता येतं, पण पोर्टललाही अशी नावं बरेचदा पचत नाहीत. मी साध्या इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा आणि कंस न ठेवता नाव देतो. दुसऱ्यांदा उतरवलेल्या फाइलच्या नावात कंसात १ येतो ना, तेवढ्यावरून फाइल नाकारलेली मी पाहिलीय. आणि एक्झिफटूलने काही बदल केला की शेजारी ‘ओरिजिनल’ शेपटीची जुनी प्रत उरते. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर ती राहू देऊ नका, चुकून तीच चढवली जाते.

आता एकेक फाइल बघत बसत नाही. सगळे फोटो एका फोल्डरमध्ये टाकतो आणि एक्झिफटूलला ‘सीएसव्ही’ सांगून पाच गोष्टी विचारतो: फाइल टाइप, इमेज साइझ, हॅश लावून फाइल साइझ, तसाच हॅश लावून ओरिएंटेशन, कलर कॉम्पोनंट्स. उत्तर एक्सेलमध्ये उघडतं. गेल्या महिन्यात एका क्लासच्या सरांनी अख्ख्या बॅचचे फोटो आणले, तेव्हा चहा येईपर्यंत यादी तयार होती. जे जेपीईजी नाहीत, ओरिएंटेशन ६ आहे, कॉम्पोनंट ४ आहेत, ते पिवळे केले. बहुतेक जागेवरच दुरुस्त झाले. काही फोटो मुळातच इतके लहान होते की त्यात जीव उरला नव्हता. त्या मुलांना सरांनी ग्रुपवर लिहिलं, मूळ फोटो पाठवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट नको. तासाभरात सगळ्यांचे आले. दोघांनी परत स्क्रीनशॉटच पाठवले होते, डॉक्युमेंट म्हणून.